नकली कॉम्प्युटरचे मास्तर

मास्तर शिकवायला उभे राहिले की आधी आपलेच दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट गच्च धरायचे. पोलिसानं चोराला धरावं तसं. माउस शिकणाऱ्याच्या हातात आणि मास्तरांचा हात मास्तरांच्याच कैदेत. मग ते पडद्याकडे वाकून आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "दाबा. बिघडत नाई."

समोरचा माणूस काही दाबत नसे. त्याचं बोट माउसवर असे आणि नजर मास्तरांकडे.

"बिघडलं तर?"

"बिघडलं तर मी आहे ना जी."

"अन् तुमी नसले तर?"

"मंग तर कोणी पाह्यलंच नाई. दाबा!"

तुम्ही त्या काळात कॉम्प्युटर क्लासला गेला असाल, तर तुम्हाला आठवेल, तिथे शिरायचं म्हणजे देवळात शिरल्यासारखं असे. चपला दाराबाहेर. आत उदबत्तीचा वास. मशीनवर झालरीचं आवरण, आणि आवरण काढायचा मान फक्त सरांचा. सर पुढे उभे राहून सांगत, आपण मागून बघायचं, आणि महिनाभरानं कधीतरी एक बटण दाबायला मिळायचं. आमचे मास्तर या सगळ्याच्या उलट्या टोकाला होते. त्यांच्या क्लासात चपला घालून गेलं तरी चालायचं. "मशीनले पाय थोडीच दिसतात," असं त्यांचं म्हणणं. झालरीची आवरणं मात्र त्यांच्याकडेही होती, कारण खाली त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या भाभीचं शिवणकाम चालायचं आणि ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांचं काहीतरी करणं भाग होतं. त्यामुळे भद्रावतीतल्या त्या माडीवर चार कॉम्प्युटर चार रंगांचे ब्लाउज घातल्यासारखे बसलेले असत.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. आमच्या सरकारी ऑफिसात हुकूम आला की सगळ्या कारकुनांनी कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची. माझ्यासारख्याची पगारवाढ अडणार होती. ती अडली असती तर मी चार दिवस कुरकुरलो असतो आणि विसरलो असतो. पण कांताबाईंचं तसं नव्हतं.

कांताबाईंचे यजमान आमच्याच ऑफिसात होते. ते गेल्यावर बाईंना शिपायाच्या जागेवर घेतलं. बारा-तेरा वर्षं त्यांनी आम्हाला चहा दिला, फायली वाहिल्या, साहेबांच्या टेबलाची धूळ पुसली. तेवढ्यातच रात्रीच्या शाळेतून शिक्षण पुरं केलं, टायपिंग केलं, आणि एक दिवस त्यांना कारकुनाची बढती मिळाली. खिडकीजवळची खुर्ची मिळाली. पण बढतीच्या हुकमात खाली एक ओळ होती. ठरलेल्या मुदतीत कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्या नाहीत, तर परत शिपाई. म्हणजे ज्या खोलीत बाई आता खुर्चीवर बसत होत्या, त्याच खोलीत, त्याच माणसांना, पुन्हा ट्रे घेऊन फिरायचं. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, आणि कोणी ते बोलून दाखवत नव्हतं. एकदा नापास झाल्या होत्या. आता एकच संधी उरली होती.

नापास झाल्या होत्या म्हणजे काय, तर त्यांनी मशीनला हातच लावला नव्हता. पेपर सुटेपर्यंत पडद्याकडे बघत बसून परत आल्या होत्या.

याचं कारण आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. बाई खुर्चीवर नव्या नव्या बसल्या, तेव्हा साहेबांनी त्यांना मशीन सुरू करायला सांगितलं. बाईंनी बोट पुढे केलं, कळ दाबली, आणि ठप्प! पडदा काळा, पंखा बंद, साहेबांच्या केबिनमधला एसी बंद. "काय केलं बाई?" साहेब आतून ओरडले. लाईन अख्ख्या भद्रावतीची गेली होती. आमच्या जिल्ह्यात वीज बनते, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मैलोन् मैल दिसतात, आणि भारनियमनात पहिला अंधार आमच्याकडे होतो, हे काय नवीन होतं का? पण बाईंना ते पटलं नाही ते नाहीच.

"बाई, लाईन तर माह्या घरचीही गेल्ती," मी म्हटलं.

"तुमच्या घरची गेली असन भाऊ. हे माह्या हातानं गेली."

अशा बाईंना मी मास्तरांच्या क्लासात घेऊन गेलो. मलाही शिकायचंच होतं. दोघांची ओळख जुनी होती, कारण बाईंचे ब्लाउज भाभी शिवायच्या. मास्तरांनी "जयभीम बाई, या" म्हटलं, बाईंनी "सलाम भाऊ" म्हटलं, आणि त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. मशीनपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब. पुढे कितीतरी दिवस त्या तिथेच बसून शिकल्या. मास्तर म्हणाले, "बाई तिथून ऐकलं तरी चालते. शिकणं कानातून सुरू होते." पण माउस काही दाराजवळून चालवता येत नाही.

आता मास्तरांचा एक मोठा पराक्रम सांगतो. त्याच सुमारास कॉम्प्युटरची नवी रंगीत सिस्टिम आली होती. हिरवी टेकडी, निळं आभाळ, गोल गरगरीत बटणं. मास्तरांना नव्याचा भारी सोस. त्यांनी हौसेनं चारही मशीनवर ती चढवली, खाली पाटीवर "एकदम नवीन सिस्टिम" असं लाल रंगात लिहून घेतलं, आणि जुन्या सिस्टिमची सीडी आपल्या लुनाच्या मागे रिफ्लेक्टर म्हणून तारेनं बांधून टाकली. त्यानंतर चार दिवसांनी ते चंद्रपूरला परीक्षेचं सेंटर बघून आले. सेंटरवर सगळ्या मशीनवर जुनीच सिस्टिम होती. तीच करडी पट्टी, तीच हिरवट निळी जमीन, डाव्या कोपऱ्यात तेच चौकोनी स्टार्टचं बटण.

मास्तर तडक खाली गेले आणि लुनाच्या मागची सीडी सोडून आणली. तिच्यावर आमच्या रस्त्यावरचे सगळे खडे उमटलेले होते.

नागपूरहून दुसरी सीडी आणता आली असती. मी तसं म्हटलंही. पण पाटी रंगवून झाली होती, आणि मास्तर एकदा पुढे गेले की मागे येणाऱ्यातले नव्हते. दोन-तीन दिवस गेले. मग नागपूरच्या फुटपाथवरून आणलेलं एक जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले दिसले.

"काय करून राह्यले मास्तर?"

"कम्प्युटर बनवून राह्यलो."

"अन् हे काय आहे समोर?"

"याच्या आत बनवून राह्यलो."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. पण महिन्याभरात त्यांनी खरोखर ते करून दाखवलं. इंटरनेट बघायचा जो ब्राउझर असतो, तो उघडायचा. इंटरनेट लागत नव्हतं, आणि लागलं असतं तरी आमच्याकडे फोनच अर्धा वेळ मेलेला असे. ब्राउझर पडदाभर मोठा करायचा, आणि नव्या सिस्टिमची ती हिरवी टेकडी झाकून जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा समोर उभा! स्टार्टचं बटण दाबलं की यादी वर सरकायची. खिडक्या उघडायच्या, मिटायच्या, पट्टीला धरून ओढता यायच्या. लिहायची वही होती, चित्रं काढायचा रंगाचा डबा होता, कचऱ्याची टोपलीही होती. सगळं खोटं. आत काहीच नव्हतं. नुसता देखावा.

भाभी वर येऊन बघून गेल्या. "असली कम्प्युटर घरात असून त्याच्यात नकली कम्प्युटर काऊन बसवला जी?" त्यांनी विचारलं.

"असलीमंदी काई बिघडलं तर बिघडते. यात बिघडासारखं काई ठेवलंच नाई."

मला तेव्हा समजलं की हा खटाटोप सीडीसाठी नव्हता. दाराजवळच्या स्टुलासाठी होता.

मास्तरांच्या त्या नकली कॉम्प्युटरचे दोष सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. पहिला दोष म्हणजे तो नको तितका खरा होता. सुरू व्हायला खऱ्याइतकाच वेळ घ्यायचा. वाळूचं घड्याळ दाखवायचा. मी वैतागून म्हटलं, "अहो, खोटाच आहे तर झटक्यात उघडू द्या ना." मास्तर म्हणाले, "असली मशीन इतका टाइम घेते. मंग नकलीनंही घेतला पायजे. नाई तर तुमाले बसाची सवय कशी लागन?" सरकारी माणसाला बसायची सवय लावणारा तो पहिला मास्तर असेल.

दुसरा दोष भाषेचा. मशीन अडली की एक छोटी खिडकी येते आणि काहीतरी विचारते. मास्तरांच्या खिडक्या आमच्या बोलीत बोलायच्या. "हे मले जमत नाई जी" असं लिहून यायचं आणि खाली दोन बटणं, एक "बरं" आणि दुसरं "राहू द्या". मराठी अक्षरं नीट उमटत नसत म्हणून मास्तरांनी प्रत्येक वाक्याचं चित्रच काढून ठेवलं होतं. आम्हाला फार मजा वाटली. शेवटी कांताबाईच स्टुलावरून म्हणाल्या, "भाऊ, परीक्षेत 'बरं' नसन ना?" मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि सगळं इंग्रजीत केलं. एक "राहू द्या" कुठेतरी राहूनच गेलं, ते अधूनमधून उगवायचं.

तिसरी गंमत तर कहर होती. आमच्या गावच्या एका प्रेसवाल्यानं मशीन रिकामी दिसली म्हणून बसून एका लग्नाच्या पत्रिकेचा अख्खा मजकूर त्या नकली वहीत टाइप केला. "सेव्ह" दाबलं. नकली कॉम्प्युटरनं मोठ्या अदबीनं सेव्ह झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो प्रिंट काढायला आला, तर वही कोरी. नवरा-नवरी, मामा, मावश्या, सगळे गायब! प्रेसवाला मास्तरांच्या अंगावर धावून गेला. मास्तरांनी त्याला चहा पाजला, मजकूर पुन्हा स्वतः टाइप करून दिला, आणि पुन्हा असं व्हायला नको म्हणून पडद्यावर ठळक पट्टी टाकली, "हा कम्प्युटर नकली आहे".

ती पट्टी जिन्यावरून दिसायची. आठ दिवसांत गावभर झालं की माडीवरच्या क्लासात कॉम्प्युटर नकली आहेत. दोन पोरांचे बाप भांडायला आले. मास्तर चारही मशीनचे मागचे डबे उघडून दाखवत बसले, हे बघा तार, हा बघा पंखा. शेवटी पट्टी काढली तेव्हा कुठे गवगवा थांबला. मी त्यांना त्यावरून पुष्कळ छळलं. मास्तर हसायचे. त्यांच्यावर हसलं की ते आपल्याहून जास्त हसायचे, त्यामुळे छळण्यातली अर्धी मजा जायची.

आता बाईंचं. एका दुपारी मास्तरांनी नकली कॉम्प्युटर उघडला, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बाई, या. याले बिघडवून दाखवा."

"म्हणजे?"

"तुमाले जे येईन ते करा. हे बिघडलं तर मी क्लास बंद करतो."

बाई स्टुलावरून उठल्या. खुर्चीच्या कडेला बसल्या. आधी एका बोटानं दाबलं. काही झालं नाही. मग दोन-चार खिडक्या उघडल्या. मग सगळ्या उघडल्या. मास्तर मागे मनगट धरून उभे. बाईंनी कचऱ्याच्या टोपलीत सगळं टाकून दिलं, वही टाकली, रंगाचा डबा टाकला, आणि मागे वळून बघितलं. मास्तर म्हणाले, "अजून?" बाई हसायला लागल्या. बाईंना मी इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी स्टार्टचं बटणसुद्धा ओढून टोपलीत टाकायचा प्रयत्न केला. तेवढं मात्र जाईना.

त्यानंतर बाई रोज त्या खुर्चीवर बसायच्या. मास्तरांनी मग नकली कॉम्प्युटरमध्ये लाईन जायची सोयही केली! मधेच, न सांगता सवरता, पडदा काळा व्हायचा. थोड्या वेळानं परत यायचा आणि आपण जिथे होतो तिथेच सगळं तसंच असायचं. पहिल्या वेळी बाईंनी हात वर उचलले. मास्तर म्हणाले, "तुमी नाई केलं. मी केलं." दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी तेच. हळूहळू बाई पडदा काळा झाला की पिशवीतून सुपारी काढून कातरायला लागल्या.

मी एकदा विचारलं, "मास्तर, लाईन आल्यावर असली मशीन ते निळं पान दाखवते ना, पांढऱ्या अक्षरांचं? ते कुठी आहे?"

ज्यांनी त्या काळच्या मशीन वापरल्या आहेत त्यांना ते पान ठाऊक आहे. लाईन जाऊन आली की निळा पडदा यायचा आणि मशीन इंग्रजीत सांगायची की तुम्ही मला नीट बंद केलं नाही, आता माझ्या आत काही चुका झाल्या असतील, तपासते.

मास्तर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "लाईन जाते सरकारची, अन् हे इचारते माणसाले, तुमी मले नीट बंद काऊन नाई केलं? असं खोटं मी माह्या मशीनले बोलू देणार नाई."

मला तेव्हा त्यांचं हे बोलणं फार आवडलं होतं.

परीक्षेच्या आधी आणखी एक हुकूम आला. क्लास चालवणाऱ्याकडे स्वतःचं परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळेपासून त्याच्या क्लासची माणसं परीक्षेला बसवणार नाहीत. मास्तरांकडे कुठलंच सर्टिफिकेट नव्हतं. जे येत होतं ते जुन्या मशीन उघडून, जोडून आणि फुटपाथवरची पुस्तकं वाचून. म्हणून मास्तरही परीक्षेला बसले. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली. केसांना तेल लावून काढलेला त्यांचा हॉल तिकिटावरचा फोटो अख्ख्या क्लासात फिरला. भाभींनी नवा शर्ट शिवला. बाई म्हणाल्या, "भाऊ, काई आलं नाई तर मले इचारजा."

आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं चंद्रपूरला गेलो. हॉलमध्ये बाई माझ्या पुढच्या रांगेत आणि मास्तर पार भिंतीजवळ. बाईंच्या बोटांचा आवाज मला ऐकू येत होता. बोटं एका लयीत चालली होती. बाई खुर्चीच्या कडेला नव्हे, नीट मागे टेकून बसल्या होत्या. माझं स्वतःचं लक्ष अर्धं त्यांच्याकडेच होतं. अर्ध्याहून जास्त पेपर झाला असेल.

आणि लाईन गेली.

सेंटरवर बॅटरीची पेटी होती, फक्त तिच्यात बॅटरी नव्हती. सगळे पडदे काळे. हॉलभर एकच ओरडा झाला. बाईंनी शांतपणे हात मांडीवर घेतले आणि मागे वळून माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. सुपारी तेवढी नव्हती.

लाईन परत आली. मशीन एकेक करून घरघरायला लागल्या. आणि प्रत्येक पडद्यावर ते निळं पान आलं.

बाईंनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची पाठ मला दिसत होती, ती ताठ झाली. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. अक्षरं लावत त्यांनी ते वाचलं असणार, मशीन नीट बंद केली नाही, चुका झाल्या. त्यांचे दोन्ही हात वर गेले. मग त्या खुर्चीवरून उठायला लागल्या. "माह्यानं झालं जी," त्या बाजूच्या बाईला म्हणत होत्या, "माह्यानंच झालं."

मी काय केलं? माझेही हात वरच होते. अर्ध्या हॉलचे होते.

तेवढ्यात भिंतीजवळून मास्तर उठले. कोणाला काही विचारलं नाही. हात पाठीमागे घेतले, मनगट धरलं, आणि रांगांमधून चालायला लागले. "घाबरू नका. ते तुमाले नाई बोलून राह्यलं. त्याची सवयच तशी आहे. तपासू द्या त्याले... हां, आता एंटर दाबा. तुमी पण. दाबा, बिघडत नाई." सुपरवायझर बाई दाराशी बघत उभी. मास्तर या रांगेतून त्या रांगेत. कांताबाईंच्या मागे ते थांबले नाहीत, फक्त चालता चालता म्हणाले, "बसा बाई. हे पान दाखवाचं राह्यलं होतं. चूक माही आहे."

बाई बसल्या. एंटर दाबलं. निळं पान गेलं आणि ती हिरवट निळी जमीन आली.

मास्तर आपल्या जागेवर पोचेपर्यंत सुपरवायझर बाईंनी त्यांचा कागद उचलला होता. परीक्षा चालू असताना उठणं, बोलणं, दुसऱ्यांना सांगणं, सगळे गुन्हे एकदम. मास्तरांनी हुज्जत घातली नाही. नव्या शर्टाची बाही नीट केली आणि बाहेर गेले. पुन्हा कधी बसता येणार नाही असं नव्हतं, पण पुढच्या दोन परीक्षा बंद.

आम्ही बाहेर आलो तेव्हा ते चहाच्या टपरीवर बसले होते. स्वतःबद्दल एक अक्षर नाही. परतीच्या एसटीत त्यांनी बाईंना एकेक प्रश्न विचारून घेतला, यात काय दाबलं, त्यात काय लिहिलं. बाई खिडकीबाहेर बघत उत्तरं देत होत्या. 

निकाल लागला. बाई पास झाल्या, मीही झालो. बाईंचा पक्का हुकूम आला, तो घेऊन त्या आधी माडीवर गेल्या, घरी नंतर. मास्तरांनी हुकूम वाचला, भाभींना वाचून दाखवला आणि पेढा दोन बोटांत धरून तसेच बसून राहिले.

क्लास मग फार चालला नाही. सर्टिफिकेटवाला नवा क्लास स्टँडजवळ निघाला, काचेच्या दाराचा, थंडगार. तिथे चपला बाहेर काढाव्या लागायच्या, तरी माणसं तिकडेच गेली. परीक्षेला बसायचं तर दुसरा रस्ताच नव्हता. मास्तरांनी तीन मशीन विकल्या. भाभींचा भाऊ धानोऱ्याला मोह, चारोळी, हिरडा विकत घेण्याचा व्यापार करायचा, त्याला हिशोबाला माणूस पाहिजे होतं. दिवाळीनंतर बिऱ्हाड तिकडे न्यायचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. चांगल्या माणसाचं असं होऊ नये, एवढंच मला म्हणता येतं.

जायच्या दिवशी सकाळी मी आणि कांताबाई स्टँडवर गेलो. शिलाई मशीन टपावर चढली होती. भाभी आत बसल्या होत्या. मास्तर खिडकीशी, उरलेल्या एका कॉम्प्युटरचा पडदा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेला, त्याच्यावर हात ठेवलेला.

बाई खिडकीखाली उभ्या राहिल्या. इतके महिने त्यांनी विचारलं नव्हतं, ते आता विचारलं.

"भाऊ, तुमी उठले काऊन जी? तुमचाही पेपर होता ना?"

मास्तरांनी थोडा विचार केला. त्यांना खरंच आठवून बघावं लागत होतं. मग त्यांना स्वतःचंच हसू आलं.

"मले वाटलं बाई, आपलीच क्लास आहे."

बाई हसल्या, आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. गाडी सुटली. मास्तरांनी हात हलवायला एक हात मोकळा केला, पण रस्ता खड्ड्यांचा, पडदा हलायला लागला, म्हणून तो हात त्यांनी लगेच परत खाली घेतला.

आम्ही दोघं तिथून पायीच ऑफिसला गेलो. बाईंनी खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर बसून मशीन सुरू केली.